जुन्या रंगीत औषधाच्या बाटल्या: नवीन असाल तर सुरुवात कुठून करायची

ठाण्यात नौपाडा, चरई, पाचपाखाडी, सगळीकडे जुन्या बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला चालल्यात आणि घर रिकामं करताना माळ्यावरून जे काही खाली येतं त्यात बऱ्याचदा एक खोका बाटल्यांचा असतो. तपकिरी, निळ्या, हिरवट, एखादीचं बूच आत पडलेलं, एखादीवर अर्धं लेबल. पितळेची भांडी घरात वाटून घेतात, पाट-चौरंग कोणीतरी नेतं, आणि बाटल्यांचा खोका सरळ भंगारात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आपल्या पणज्या-आज्या आजारी पडल्यावर काय घेत होत्या, घरात विष कुठे ठेवलं जायचं, डॉक्टर डोस कसा समजावून सांगायचा हे सगळं त्या काचेवर असतं, आणि बहुतेक वेळा ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून हा लेख, ज्यांना यातलं काहीच माहीत नाही पण हातात अशी बाटली आलीये आणि फेकवत नाहीये त्यांच्यासाठी.

पहिली पायरी: उघडू नका, हुंगू नका

हे सगळ्यात आधी, रंग-बिंग नंतर. बाटली रिकामी असेल तर ठीक, पण आत तळाला काही सुकलेलं, पावडर किंवा थोडं जरी पातळ असेल तर बूच काढायचं नाही, नाकाला लावायचं नाही, "बघू कशाचा वास येतो" हा मोह टाळायचाच. जुन्या औषधांत आज आपण ज्याला विष म्हणतो ते सर्रास असायचं. कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचा क्षार, पोट साफ व्हायला लहान मुलांनासुद्धा द्यायचे. फाउलर्स सोल्युशन म्हणून एक औषध होतं, थॉमस फाउलर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७८६ मध्ये आणलेलं, त्यात आर्सेनिक असायचं आणि लोक ते टॉनिक म्हणून घ्यायचे. टॉनिकात स्ट्रिकनिन हे जहाल विष, खोकल्याच्या औषधात अफू नाहीतर मॉर्फिन. हे पदार्थ कितीही वर्षं गेली तरी निरुपद्रवी होत नाहीत, आर्सेनिक हे आर्सेनिकच राहतं.

दोन गोष्टींची तर जास्तच भीती बाळगा. एक, पिवळे धमक कोरडे खडे किंवा पावडर, कारण पिक्रिक अ‍ॅसिड पूर्वी भाजल्यावर लावायला वापरायचे आणि ते पूर्ण सुकलं की घर्षणाने स्फोट होऊ शकतो. दुसरं म्हणजे ईथरची, म्हणजे जुन्या भुलीच्या औषधाची, बाटली, बुचाभोवती स्फटिक जमलेले दिसले तर बूच फिरवायचंच नाही. असं काही सापडलं तर बाटली हलवू नका, पोरांना लांब ठेवा आणि अग्निशमन दलाला फोन करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाकी अनोळखी औषध बेसिनात ओतू नका. घनकचऱ्याच्या नियमांनुसार जुनी औषधं, पाऱ्याचे थर्मामीटर वगैरे वेगळे द्यायचे असतात, त्यामुळे ठाणे असो नवी मुंबई असो, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात विचारून मगच द्या. इंजेक्शनच्या रबरी बुचाच्या शिश्या आणि इंजेक्शनच्या फुटलेल्या काचेच्या कुप्या, म्हणजे अ‍ॅम्प्यूल मात्र छंद म्हणून जमवूच नका, हे माझं स्पष्ट मत.

दुसरी पायरी: रंग काय सांगतो ते समजून घ्या

नवीन माणूस रंगाला भुलतो, विशेषतः निळ्याला. ते साहजिक आहे, उन्हात धरल्यावर कोबाल्ट निळी बाटली जशी दिसते तसं दुसरं काही दिसत नाही. पण रंग कशासाठी होता हे कळलं की बाटली जास्त आवडायला लागते.

सगळ्यात साधा रंग म्हणजे फिका हिरवट-निळसर, समुद्राच्या पाण्यासारखा. हा मुद्दाम दिलेला रंग नाही, वाळूत लोह असतं त्यामुळे काच आपोआप अशी येते. म्हणजे काचवाल्याने काहीच खर्च केला नाही तर हा रंग. म्हणून रोजच्या स्वस्त औषधांच्या, तेलांच्या, अर्कांच्या ढीगभर बाटल्या याच रंगात मिळतात. नवीन लोक यांना साध्या म्हणून बाजूला सारतात पण शिकण्यासाठी याच उत्तम, स्वस्त असतात आणि काचेतले बुडबुडे, वळ्या सगळं स्पष्ट दिसतं.

पूर्ण पारदर्शक काच हवी असेल तर लोहाचा रंग मारायला लागतो, त्यासाठी मँगनीज घालायचे. गंमत अशी की मँगनीजवाली काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर हळूहळू जांभळी होते. जुन्या जांभळट बाटल्या दिसतात त्यातल्या बऱ्याच मुळात पांढऱ्याच होत्या. साधारण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मँगनीज मागे पडलं, मग सेलेनियम वगैरे आलं. आता सावध व्हायची गोष्ट अशी की आजकाल रेडिएशन देऊन साध्या बाटल्या झटपट गडद जांभळ्या करून विकतात. उन्हाने येणारा रंग बहुतेक वेळा फिका असतो, द्राक्षासारखा गडद जांभळा दिसला तर विचार करा.

तपकिरी, म्हणजे ज्याला अंबर म्हणतात, हा खरा कामाचा रंग. लोह, गंधक आणि कार्बन यांच्यामुळे तो येतो आणि ही काच प्रकाशातला निळा भाग आणि अतिनील किरण अडवते. कितीतरी औषधं प्रकाशाने बिघडतात, सिल्व्हर नायट्रेट काळं पडतं, हायड्रोजन पेरॉक्साइडचं नुसतं पाणी होतं, क्लोरोफॉर्म तर उजेड आणि हवा मिळाली की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. आजसुद्धा औषधशास्त्रात बाटली प्रकाशरोधक आहे का हे २९० ते ४५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात तपासतात, आणि तपकिरी काच त्यात पास होते. म्हणून आपल्याकडची आसवं-अरिष्टं, टिंक्चर आयोडिन, खोकल्याची सिरपं वर्षानुवर्षं तपकिरी बाटलीतच दिसतात.

निळ्याचं मात्र वेगळं आहे. कोबाल्ट इतकं ताकदवान आहे की काचेत हजारात एखादा भाग असला तरी गडद निळा येतो, पण ती निळी काच प्रकाश अडवायला तपकिरीइतकी चांगली नाही. मग निळा कशाला? दोन कारणं, एक म्हणजे ओळख. फिलिप्सचं मिल्क ऑफ मॅग्नेशिया हे पोटाचं औषध, ज्याचं पेटंट १८७३ चं, ते निळ्या बाटलीत. बाल्टिमोरच्या आयझॅक इमर्सनचं ब्रोमो-सेल्ट्झर, १८८८ पासूनचं डोकेदुखीचं औषध, तेही निळ्या बाटलीत, आणि त्याने १९११ मध्ये बांधलेल्या टॉवरच्या डोक्यावर चक्क दिवे लावलेली अवाढव्य निळी बाटली फिरत होती. दुकानात अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही "ती निळी द्या" म्हणता यायचं. आपल्याकडे व्हिक्सची निळी डबी लांबून कळायची ती यामुळेच. दुसरं कारण विष, आणि ते नीट सांगायला हवं.

तिसरी पायरी: डोळे मिटून हात फिरवा

खरंच करून बघा. एकोणिसाव्या शतकातली रात्र म्हणजे मेणबत्ती नाहीतर रॉकेलचा दिवा, आणि घरातल्या एकाच फडताळात खोकल्याचं औषध, मालिशचं तेल, जंतुनाशक कार्बोलिक अ‍ॅसिड, उंदराचं विष सगळं शेजारी शेजारी. रात्री कोणीतरी उठायचं, अंधारात चाचपडत बाटली घ्यायचं आणि चुकीची तोंडाला लावायचं. अशा घटना इतक्या व्हायला लागल्या की बाटलीच अशी करायची ठरली की हात लागताच कळावं, ही प्यायची नाही. ब्रिटनमध्ये १८६८ च्या फार्मसी कायद्याने विष विकण्यावर बंधनं आली, आणि शतक संपता संपता विषारी लोशनं आणि मालिशची औषधं हाताच्या स्पर्शाने वेगळी ओळखू येतील अशाच बाटलीत द्यायची हा नियम झाला. अमेरिकेतही डॉक्टरांच्या संघटनेने १८७२ मध्ये साधारण असंच सुचवलं, एका बाजूने खडबडीत आणि दुसऱ्या बाजूला पॉयझन लिहिलेलं.

म्हणून विषाच्या बाटल्या षटकोनी, त्रिकोणी, उभ्या रेघारेघांच्या, टोचणाऱ्या उंचवट्यांच्या, आणि रंग गडद निळा, गडद हिरवा किंवा तपकिरी. ब्रिटिश बाटलीवर काचेतच उठवलेलं असतं 'नॉट टू बी टेकन', म्हणजे पोटात घ्यायचं नाही. ही बाटली हातात आली की अंगठ्याने त्या रेघा चाळा, ज्याने कोणी हे ठरवलं त्याने अंधारात चाचपडणाऱ्या माणसाचा विचार केला होता. मला या बाटल्या सगळ्या छंदात जास्त आवडतात त्या यासाठीच. पण एक लक्षात ठेवा, निळी म्हणजे विषाचीच असं नाही. एरंडेल तेलाच्या उंच बारीक मानेच्या निळ्या बाटल्या असतात, डोळे धुवायचा छोटा निळा काचेचा कप असतो, घेरी आल्यावर हुंगायच्या क्षारांच्या निळ्या-हिरव्या कुप्या असतात. गुळगुळीत निळी असेल तर विष म्हणायची घाई नको.

प्यायच्या औषधाची बाटली बहुतेक चपटी असते, हातात आणि खिशात नीट बसावी म्हणून, आणि मागच्या बाजूला काचेतच आडव्या रेघा असतात, डोस मोजायला. आपल्याकडे याचा एक घरगुती अवतार होता जो ज्येष्ठ मंडळींना नक्की आठवेल, डॉक्टरकडे जाताना रिकामी बाटली घरून न्यायची, कंपाउंडर मोठ्या बरणीतून लाल नाहीतर गुलाबी मिक्श्चर ओतून द्यायचा आणि बाटलीच्या बाजूला कागदाची दातेरी कापलेली पट्टी चिकटवायचा, एक दाता म्हणजे एक डोस. अशी पट्टी शाबूत असलेली बाटली मिळाली तर ती निळ्या बाटलीपेक्षा मोलाची समजा, बाजारात कोणी पैसे देवो न देवो. काच टिकते, कागदाची पट्टी टिकत नाही, आणि ती पट्टी म्हणजे इथल्या दवाखान्याची पद्धत आहे.

तिसरा प्रकार दवाखान्याच्या फळीवरच्या गोल बाटल्यांचा, घासून बसवलेलं काचेचं झाकण, समोर सोनेरी कडेचं लेबल आणि त्यावर लॅटिन शब्दांची अर्धवट रूपं. टिंक्ट म्हणजे टिंक्चर, सिर म्हणजे सिरप, अ‍ॅक म्हणजे पाणी, लिक म्हणजे द्रावण, पल्व्ह म्हणजे चूर्ण. एवढी पाच लक्षात ठेवली तरी अर्ध्या बाटल्या वाचता येतात. यात झाकण त्याच बाटलीसाठी घासलेलं असतं, दुसरीचं बसत नाही, त्यामुळे घेताना झाकण डगमगतं का बघा.

आणि हो, मानेत गोटी असलेली बाटली मिळाली तर ती औषधाची नाही, ती आपली गोटी सोडा. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली. फेकू नका मात्र.

चौथी पायरी: वय काढायचं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश. बाटली उजेडात आडवी धरा आणि बाजूने वर जाणारी बारीक रेघ शोधा, साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली ती रेघ. आता ती रेघ कुठपर्यंत जाते ते बघा. मानेवरच विरली आणि ओठ, म्हणजे तोंडाची कड, गुळगुळीत असेल तर बाटली साच्यात फुंकलेली आहे आणि तोंड नंतर हाताने, हत्याराने घडवलंय. रेघ थेट ओठावरून पार गेली असेल तर मशीनची. रेघच नाही आणि बाटली थोडी वाकडी-तिकडी तर नुसती फुंकून केलेली असू शकते, पण काही वेळा साच्यात फिरवल्यामुळेही रेघ पुसली जाते, तेव्हा काचेवर आडव्या बारीक घासल्याच्या खुणा दिसतात.

मग बाटली उलटी करा. बुडाच्या मध्यभागी खरखरीत, फुटल्यासारखा व्रण असेल तर तो पाँटिलचा, म्हणजे तोंड घडवताना बाटली ज्या लोखंडी दांड्यावर चिकटवून धरायचे त्याची खूण. ही पद्धत १८६० च्या आसपास मागे पडली, बाटली चिमट्यासारख्या पकडीत धरायला लागले आणि बूड स्वच्छ झालं. नंतर मायकल ओवेन्सचं पूर्ण ऑटोमॅटिक मशीन आलं, १९०३ च्या सुमाराला, त्याच्या बाटल्यांच्या बुडावर मध्यापासून सरकलेली एक गोल पुसट चीर दिसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. वरचे सगळे आकडे अमेरिकेच्या बाटल्यांवरून काढलेत. आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू होत नाही, इथे आणि युरोपातही बऱ्याच कारखान्यांत हाताने आणि अर्ध्या मशीनने बाटल्या करणं नंतर कितीतरी वर्षं चालू होतं. त्यामुळे रेघ ओठाखाली थांबली म्हणून ठाण्यात सापडलेल्या देशी बाटलीला लगेच "१९०० च्या आधीची" म्हणणं चूक आहे, ती १९३० ची पण असू शकते. विकणारा असं छातीठोक सांगत असेल तर त्याच्या सांगण्यावर किंमत ठरवू नका.

देशी काचेचा इतिहासही थोडा माहीत असू द्या, कारण तो आपल्याच राज्यात घडलाय. स्वदेशी चळवळीत एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा राहिला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला, लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. मग १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना, ज्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत होता आणि ज्यांच्यामुळे त्या गावाचं नावच ओगलेवाडी झालं. तोवर आणि नंतरही बऱ्याच बाटल्या जर्मनी, इंग्लंड, जपानमधून यायच्या, म्हणून बुडावर देशाचं नाव, आकडा, एखादं चिन्ह काय आहे ते भिंग लावून बघाच.

नकली कशी ओळखायची, तर बुडाची कड बघा. वर्षानुवर्षं फळीवर सरकवलेल्या बाटलीच्या बुडाला बारीक, वाटेल त्या दिशेच्या ओरखड्यांची कडी पडते. कड नव्यासारखी चकचकीत आणि वरून काच मात्र मुद्दाम बुडबुड्यांनी भरलेली असेल तर ती शोभेची नवी बाटली. एकाच दिशेने घासलेले ओरखडे असतील तर कोणीतरी सँडपेपर मारलाय. निळा रंग नखाने सुटतोय का तेही बघा, साध्या बाटलीला वरून रंग फवारून विकतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेतली तर अंधारात मँगनीजवाली काच फिकट हिरवी चमकते आणि युरेनियमवाली झगझगीत हिरवी, पण टॉर्चवरून वय ठरवू नका आणि तिच्या उजेडात थेट बघू नका.

पाचवी पायरी: लेबल असेल तर नशीबवान आहात

लेबलवरून भारतीय बाटलीचं वय काचेपेक्षा जास्त नेमकं निघतं. किंमत आण्यांत असेल तर ती १ एप्रिल १९५७ च्या आधीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. नये पैसे लिहिलं असेल तर त्यानंतरच्या काही वर्षांतली. मापं औंस आणि ड्रॅममध्ये असतील तर जुनी पद्धत, मेट्रिकचा कायदा १९५६ चा आणि पुढच्या काही वर्षांत मिलिलिटर आले. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरची, आणि नुसतं "मुंबई ४" असं असेल तर बहुधा आधीची. गिरगावच्या के. टी. डोंगरे कंपनीचं बालामृत, १९१० चं झंडू, १८९३ मध्ये मुंबईतच सुरू झालेलं आणि नंतर मद्रासला गेलेलं अमृतांजन, अशा नावांच्या बाटल्या आपल्या भागात निघू शकतात, आणि त्यांच्यावर मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही लिप्या असल्या तर कोणासाठी विकलं जात होतं हेही कळतं.

आणखी एक नाव माहीत असू द्या, डॉ. जे. कॉलिस ब्राउनचं क्लोरोडाइन. हा डॉक्टर भारतात ब्रिटिश सैन्यात होता आणि कॉलऱ्यावर म्हणून त्याने हे औषध केलं, अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म एकत्र. जुलाब थांबायचे आणि माणूस शांत पडायचा यात नवल नाही, पण सवयही लागायची. अमेरिकेत अशा गुप्त नुस्ख्यांना १९०६ च्या कायद्याने चाप बसला, लेबलवर अफू-मॉर्फिन असेल तर लिहावं लागलं. आपल्याकडे औषधांचा मुख्य कायदा १९४० चा आणि चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा. म्हणून "सर्व रोगांवर रामबाण" असा दावा लेबलवर बिनधास्त असेल तर बाटली जुनी असण्याची शक्यता वाढते, पक्कं मात्र नाही, असे दावे करणारे आजही आहेतच.

सहावी पायरी: शोधायचं कुठे

आधी घरात. आजी-आजोबांना, काका-मावशीला विचारा, गावच्या घराचा माळा बघा, आणि बाटली हातात आली की त्यांना तिथेच विचारून घ्या ही कशाची, कोण घ्यायचं. बिल्डिंग रिकामी होत असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाका की जुन्या बाटल्या फेकू नका, मला दाखवा. लोक आनंदाने देतात.

मग भंगारवाले. वागळे इस्टेट, कळवा, तुर्भे, शीळफाट्याकडची गोदामं, इथे काच वजनावर जाते आणि फुटायच्या आधी एकदा नजर टाकू द्याल का असं नीट विचारलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. दुपारी गर्दी कमी असताना जा, जाड तळाचे बूट आणि हातमोजे घाला, आणि एकाच दुकानात पुन्हा पुन्हा जा, ओळख झाली की भाऊ स्वतःच बाजूला काढून ठेवतात. "काका, निळी, रेघारेघांची, अक्षरं उठलेली, अशी आली तर ठेवा" एवढं सांगून मोबाईलवर फोटो दाखवा.

चोर बाजार अर्थात आहेच. ठाण्याहून स्लो लोकल किंवा वाशी-नेरुळहून हार्बर, सँडहर्स्ट रोडला उतरायचं आणि चालत मटन स्ट्रीट. तिथल्या अँटिकवाल्यांची दुकानं शुक्रवारी बंद आणि रस्त्यावरचा बाजार मात्र शुक्रवारीच, पहाटेपासून, त्यामुळे काय बघायचंय त्याप्रमाणे दिवस ठरवा. पहिल्या खेपेला काही विकत घेऊ नका असं मी सांगेन. नुसतं हातात घ्या, रेघ बघा, बूड बघा, किंमत विचारा, खाली ठेवा. डोळा तयार झाला की मग घासाघीस.

कुठे शोधायचं नाही हेही सांगते. लंडनला टेम्सच्या काठी चिखलात लोक बाटल्या शोधतात ते व्हिडिओ बघून ठाणे खाडीत उतरायचं मनात येतं, ते कृपा करून नको. खाडीचा चिखल माणूस गिळतो, भरती कधी चढते कळत नाही, त्या चिखलात कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं जात आलंय, आणि २०१५ पासून ऐरोलीकडचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य आहे, कांदळवनात शिरून उकरणं हा गुन्हा आहे. तसंच बेलापूर किंवा घोडबंदर किल्ल्याच्या परिसरातून काहीही उकरू नका, उचलू नका. सापडलेली वस्तू कितीही छोटी असली तरी ती कोणत्या थरात होती यावरच अभ्यासकांना कळतं, आपण उचलली की ते गेलं.

कायद्याचं अजून एक, १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या कोणी ऑनलाइन विचारलं की पाठवता का, तर आधी वयाचा विचार करा.

सातवी पायरी: धुणं, आणि न धुणं

लेबल किंवा डोसाची पट्टी असेल तर पाणी लावायचं नाही, विषय संपला. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, बस. लेबल सुटत असेल तर सेलोटेप अजिबात नको, तिचा डाग कायमचा राहतो, पारदर्शक पिशवीत बाटली ठेवा.

नुसती काच असेल आणि आत काही नाही याची खात्री असेल तर हातमोजे घालून कोमट पाण्यात थोडा साबण टाकून रात्रभर भिजत ठेवा. गरम पाणी नको, जुन्या काचेत ताण असतो, गरम-थंडाने तडकते. आतला मळ निघत नसेल तर मूठभर कच्चे तांदूळ आणि पाणी घालून हळूहळू घोळवा. पांढरे क्षार असतील तर व्हिनेगर. टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीच नाही, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड मिसळणं तर अजिबात नाही, क्लोरीन वायू सुटतो. हे सगळं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका, वेगळी बादली ठेवा, आणि तो तांदूळ कचऱ्यात. कधी कधी कितीही धुतलं तरी काच आतून दुधाळच राहते, ती घाण नसते, काचच झिजलेली असते, ती तशीच राहू द्या. मातीत पडून आलेली इंद्रधनुष्यी झाकही घासून काढू नका.

धुतलेल्या बाटलीत पाणी, तेल, सरबत काही भरायचं नाही, मनी प्लांट लावला तर चालेल.

आठवी पायरी: ठेवायचं कसं

आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा, त्यातून खाडीकाठची दमट हवा. कागदी लेबलला जूनमध्ये बुरशी धरली की सप्टेंबरपर्यंत ते गेलंच. लेबलवाल्या बाटल्या बंद काचेच्या कपाटात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, त्या मधून मधून बदला, आणि बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको कारण ती भिंत ओल धरते. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, शाई आणि आम्ल दोन्ही लागतं. लेबल नसलेल्या रंगीत बाटल्या खिडकीत ठेवल्या तर छान दिसतात पण पांढऱ्या जुन्या बाटल्या थेट उन्हात नको, वर सांगितलं ते मँगनीज. लहान मुलं किंवा मांजर असेल तर विषाच्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, कुलपात.

आणि नोंद ठेवा, अगदी साधी वही चालेल. बाटली कुठे मिळाली, कोणाच्या घरातली, कोणी काय सांगितलं, उंची, रंग, काचेवरची अक्षरं जशीच्या तशी, बुडाचा आणि ओठाचा फोटो. नंबराची चिठ्ठी दोऱ्याने मानेला बांधा, काचेवर चिकटवू नका. चरईच्या कुठल्या वाड्यातून आली, कोणत्या डॉक्टरांच्या दवाखान्याची होती हे आज सांगणारं माणूस आहे तोवर लिहून घ्या, शक्य असेल तर त्यांच्याच आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करा, आणि फाईलला बाटलीचाच नंबर द्या.